बरगड्यांची खालची कड बोटांनी कशी वाचायची: तपासणीपासून चिऱ्यापर्यंत

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी रविवारचे पोहे आटोपले की दिवाणावर एक तास भरतो. भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचा नववीतला भाऊ पन्नास रुपयांच्या बोलीवर सदरा काढून आडवा होतो, आणि खडूच्या जागी असते ताईची भुवयांची पेन्सिल. पहिल्याच रविवारी मी भाचीला म्हटलं, "छाती कुठं संपते आणि पोट कुठं सुरू होतं, तेवढी रेघ काढ." तिनं बेंबीच्या वर, दोन्ही बाजूंच्या बरगड्यांच्या कडेकडेनं उलट्या व्हीसारखी सुरेख रेघ ओढली. मी तिच्या रेघेपासून जवळजवळ वीतभर वर, स्तनाग्रांच्या पातळीला, दुसरी आडवी रेघ मारली आणि विचारलं, "या दोन रेघांच्या मधे काय आहे?"

"फुप्फुस."

"आणि?"

भाऊच म्हणाला, "मामा, माझे पोहे."

त्याचं खरं होतं. जठराचा मोठा भाग, जवळपास सगळं यकृत आणि अख्खी पांथरी त्या दोन रेघांच्या मधे असते. पोटाचा वरचा मजला बरगड्यांच्या आत आहे. श्वास पूर्ण सोडला की डायफ्रामचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचा, घुमट चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीपर्यंत चढतो. म्हणून बरगड्यांची खालची कड, जिला वॉर्डात सगळे कॉस्टल मार्जिन म्हणतात, ती छाती-पोटाची हद्द नव्हे. ती मोजमापाची पट्टी आहे. हद्द म्हणून वापरली की चुका होतात, पट्टी म्हणून वापरली की फार कामाला येते. ती पट्टी हातानं कशी वाचायची हे आधी सांगतो, मग ऑपरेशनच्या चिऱ्याकडे वळू. चिरा लेख वाचून शिकता येत नाही, पण तो कुठं आणि का घ्यायचा हे समजून घेता येतं.

आधी मोजणी

रुग्ण पाठीवर, गुडघे थोडे वाकवलेले, हात अंगालगत. आपले हात गरम हवेत. जानेवारीत इंदुरात थंड हातानं पोट चाचपलं की स्नायू लाकडासारखे होतात आणि मग सगळीच पोटं तातडीच्या ऑपरेशनची वाटतात.

मोजणी वरून खाली करायची. खालून वर मोजणं सोपं वाटतं, पण बारावी बरगडी कुणाची लांब, कुणाची बोटभर, तर कुणाची हाताला लागतच नाही. पायाच असा डळमळीत असेल तर पुढचे सगळे आकडे चुकतात. गळ्याखालच्या खाचेत बोट ठेवा आणि उरोस्थीवरून, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावरून, खाली सरका. साधारण पाच सेंटीमीटरवर आडवा उंचवटा लागतो, तो लुईचा कोन. त्याला लागून आहे ती दुसरी बरगडी. पहिली हंसळीच्या हाडामागे दडलेली असते, तिच्या नादी लागू नका. दुसरीपासून खाली मोजताना बोटं बाहेरच्या बाजूला तिरकी नेत जा. उरोस्थीजवळ सहावी-सातवीच्या कूर्चा, म्हणजे बरगड्यांची पुढची मऊ, लवचीक टोकं, एकमेकींना इतक्या चिकटून येतात की तिथं मोजणाऱ्याची एखादी बरगडी हमखास गळते.

सातवी ही उरोस्थीला थेट पोचणारी शेवटची. आठवी, नववी आणि दहावी स्वतःच्या बळावर तिथवर पोचत नाहीत. प्रत्येकीची कूर्चा आपल्या वरचीला जाऊन टेकते. या टेकत गेलेल्या कूर्चांची सलग कमान म्हणजे आपली कड. अकरावी आणि बारावी सुट्या. त्यांची टोकं स्नायूंत संपतात, त्या कडेत धरत नाहीत. पुस्तकातल्या चित्रात दहावी नेहमी शिस्तीत जोडलेली दिसते. प्रत्यक्षात बऱ्याच जणांत तिचंही टोक सुटं असतं. कड म्हणजे धातूची पट्टी नव्हे, तिच्यात बारीक पायऱ्या असतात. भाचीनं डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा तिला त्या लागल्या, उघड्या डोळ्यांनी लागल्या नव्हत्या.

दोन्ही बाजूंच्या कडा वर जिथं मिळतात तिथं झायफॉइड, उरोस्थीचं खालचं टोक. हा तुकडा लहरी आहे. कुणाचा दुभंगलेला, कुणाचा बाहेर वळलेला. तरुणपणी तो कूर्चेचा असतो आणि चाळिशीच्या आसपास हाड बनतो. वजन उतरलेले एक काका "छातीच्या खड्ड्यात गाठ आलीय" म्हणून दोन महिने झोप उडवून बसले होते. गाठ म्हणजे त्यांचंच झायफॉइड, चरबी गेल्यावर पहिल्यांदा बोटाला लागलेलं.

इथं असतानाच दोन्ही अंगठे दोन्ही कडांवर टेकवून मधला कोन बघून घ्या. नव्वद अंशांच्या आसपास असतो. जुन्या दम्याच्या, विडी ओढून फुप्फुसं फुगलेल्या माणसात तो पसरट होतो. उंच, किडकिडीत माणसात अरुंद. ही नोंद पुढे चिरा निवडताना लागेल.

नववीचं टोक

एकच खूण लक्षात ठेवायची झाली तर ही. रुग्णाला उशीवरून नुसतं डोकं उचलायला सांगा. पोटाचे मधले दोन उभे स्नायू ताठ होतात आणि त्यांची बाहेरची कड दिसते. ती कड जिथं बरगड्यांच्या कडेला भेटते तिथं नवव्या कूर्चेचं टोक. उजव्या बाजूला त्याच्या मागे पित्ताशयाचा तळ. गळ्याखालची खाच आणि जांघेच्या वरचं मधलं हाड यांच्या बरोबर मधोमध आडवी रेघ काढली तर ती साधारण याच टोकातून जाते आणि पाठीमागे कंबरेच्या पहिल्या मणक्याला लागते. जठराचं आतड्याकडचं तोंड, स्वादुपिंडाची मान, दोन्ही मूत्रपिंडांची दारं याच पातळीला. ही सगळी अंदाजाची खूण आहे. माणूस उभा राहिला, श्वास घेतला, यकृत वाढलं की अवयव खाली सरकतात, रेघ सरकत नाही.

या टोकाची खरी ओळख पटते ती सराफ्यामुळे, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारामुळे. रात्री साडेबाराला खोपरापॅटिस, वर गराडूची प्लेट, वर जलेबा. आणि तीनच्या सुमाराला उजव्या कडेखाली असा आवळा येतो की माणूस घरभर फिरत राहतो, पण कुठल्याच बाजूवर पडता येत नाही. तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आवळतं. तोंडाशी खडा अडकलेला असेल तर आवळून पित्त जाणार कुठं? दुखणं उजव्या खवाट्याकडे, पाठीत जातं. हा आवळा काही तासांत सुटतो. सुटला नाही, ताप आला, तर पित्ताशय सुजलं असं धरून मर्फीची तपासणी करायची.

बोटं नवव्या टोकाखाली हलकी टेकवा आणि रुग्णाला म्हणा, "काकू, आता सावकाश मोठा श्वास घ्या." श्वासाबरोबर डायफ्राम खाली येतो, यकृताला ढकलतो, आणि सुजलेलं पित्ताशय तुमच्या बोटांवर येऊन आदळतं. काकूंचा श्वास अर्ध्यातच तुटतो. तो तुटणं हीच खूण, "दुखतंय का?" असं विचारून मिळालेलं "हो" धरायचं नाही. डाव्या बाजूला तेच करून बघा, तिथं श्वास तुटता कामा नये. फार वयस्कर आणि मधुमेही माणसांत ही खूण फसवते. तिथं सोनोग्राफीवर भरवसा ठेवावा.

यकृताची कड मोठ्या श्वासात बोट-दीड बोट खाली लागली तर लगेच "लिव्हर वाढलंय" लिहू नका. वरची हद्द ठोकून बघा. हंसळीच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेघेवर ती बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत असते. फुगलेल्या फुप्फुसांनी खाली ढकललेलं यकृत वाढलेलं नसतं, नुसतं सरकलेलं असतं.

डावी बाजू

पांथरी नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, दहावीच्या रेषेत तिरकी झोपलेली. निरोगी असेल तर हाताला लागत नाही. लागायची तर दुप्पट-तिप्पट वाढावी लागते. ती वाढते उजव्या जांघेच्या दिशेनं, म्हणून चाचपणी उजव्या जांघेपासून सुरू करून डाव्या कडेकडे यायचं. थेट कडेखाली हात घालणारा फार मोठी पांथरी चुकवतो, कारण त्याचा हात आधीच तिच्यावर असतो. झाबुआ-अलीराजपूरकडून इंदुरात येणाऱ्या मुलांत सिकलसेलचा रक्ताचा आजार बराच दिसतो. त्यात लहानपणी पांथरी वाढते आणि पुढे आक्रसून नाहीशी होते. सिकलसेलचं लहान मूल अचानक फिकं पडलं आणि पांथरी कालच्यापेक्षा खाली लागली, तर रक्त पांथरीत साठतंय. तिथं तास मोजायचे असतात. म्हणून कडेपासून किती सेंटीमीटर ते आकड्यात लिहा. "दोन बोटं" म्हणजे कुणाची?

इथंच माझी एक चूक सांगतो. नुकताच कॅज्युअल्टीत लागलो होतो. सायकलवरून डाव्या कुशीवर पडलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आला. दहाव्या बरगडीवर दुखत होतं, पोट मऊ, नाडी शहाण्णव. एक्स-रेत बरगडी शाबूत दिसली. मी दुखण्याची गोळी लिहिली आणि त्याला बाकावर बसवलं. माझ्या डोक्यात "छातीला लागलंय" असं बसलं होतं, कारण जखम कडेच्या वर होती. पाऊण तासानं तो सिस्टरना म्हणाला, "माझा डावा खांदा दुखतोय." खांद्याला तर लागलंच नव्हतं. सिस्टरनी नाडी धरली, एकशे तीस. पांथरी फाटली होती. डायफ्रामखाली साचलेलं रक्त त्याच्या मज्जातंतूला चाळवतं. तो मज्जातंतू मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मुळांतून निघतो, आणि खांद्याची त्वचा याच भागातली, म्हणून दुखणं खांद्याला. जर्मन शल्यविशारद हान्स केर यांच्या नावानं ही खूण ओळखली जाते. मुलगा वाचला, तो सिस्टरांमुळे.

तेव्हापासूनचा नियम: नवव्या बरगडीपासून खाली मार लागला असेल, तर उजवीकडे यकृत, डावीकडे पांथरी आणि मागे मूत्रपिंड फाटलेलं नाही हे सिद्ध होईपर्यंत फाटलंय असंच धरायचं. बरगडी मोडलेली नसणं हा पुरावा नाही. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. त्या वाकतात, आतलं फोडतात आणि पुन्हा सरळ होतात. सुरा-चाकूचा घाव पुढून स्तनाग्रांच्या खाली असला तरी पोट आणि डायफ्राम दोन्ही तपासावे लागतात. छातीत नळी घालतानाही तेच. पाचव्या फटीच्या खाली उतरलात तर नळी यकृतात किंवा पांथरीत जाऊ शकते. सुई किंवा नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून घाला, कारण शीर, धमनी आणि मज्जातंतू वरच्या बरगडीच्या खालच्या खोबणीतून जातात.

पाठीमागचा कोपरा

फुप्फुसाचं आवरण हंसळीच्या मध्यरेषेवर आठव्या, काखेच्या मध्यरेषेवर दहाव्या आणि मणक्याशेजारी बाराव्या बरगडीपर्यंत उतरतं. फुप्फुस स्वतः दोन बरगड्या वर थांबतं. मागे, मणक्याच्या कोपऱ्यात, हे आवरण बरगडीच्याही खाली डोकावतं. पुढे झायफॉइडच्या उजव्या कोपऱ्यातही थोडं येतं. मूत्रपिंडाच्या ऑपरेशनला बाराव्या बरगडीखालून शिरताना, बारावी आखूड असल्यामुळे अकरावीलाच बारावी समजलं, तर आपण थेट या आवरणात शिरतो. भूलतज्ज्ञाच्या आधी आपल्याला कळलं तर नशीब. म्हणून पुन्हा, वरून मोजा, आणि एक्स-रे समोर टांगलेला असू द्या.

चिरा कुठं आणि का

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केलं. कडेखालच्या तिरक्या चिऱ्याला मात्र नाव बर्नच्या थिओडोर कोखर यांचं. त्यांना १९०९ चं नोबेल थायरॉइडवरच्या कामासाठी मिळालं. आज पित्ताशयाची बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीनं होतात, पण दुर्बिणीचं काम अडलं की हात याच चिऱ्याकडे वळतो. डाव्या बाजूला पांथरीसाठी आणि दोन्ही बाजू जोडून यकृत-स्वादुपिंडासाठीही तो लागतो.

मघाशी मोजलेला कोन आता काढा. पसरट असेल तर तिरका चिरा छान उघडतो. अरुंद असेल तर हट्ट सोडा आणि मधला उभा चिरा घ्या. अरुंद कोनात तिरका चिरा म्हणजे जवळजवळ उभाच होतो, आणि वर मज्जातंतूही कापले जातात.

खूण रुग्ण सरळ झोपलेला असताना, चादरी टाकायच्या आधी करा. जाड माणसात कातडीची घडी कडेसारखी दिसते. घडीवर विसंबू नका, हाडाला बोट लावा. मध्यरेषेवर झायफॉइडच्या अडीच सेंटीमीटर खाली सुरुवात करा आणि कडेला समांतर, तिच्यापासून अडीच ते तीन सेंटीमीटर अंतर राखून बाहेर जा. हे अंतर नवे लोक खातात, कारण कडेजवळ गेलं की पित्ताशय जवळ वाटतं. पण शिवताना वरच्या बाजूला टाका धरायला भक्कम पडदाच उरत नाही. कडेच्या वर उभ्या स्नायूच्या मागे पडदा नसतो, स्नायू थेट कूर्चांवर बसलेला असतो. आणि कूर्चा उघडी पडली तर तिथला संसर्ग महिनोन्‌महिने रेंगाळतो. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यासारखाच, औषध पोचणार कसं?

उभा स्नायू आडवा कापला तरी चालतो. त्याला मज्जातंतू टप्प्याटप्प्यानं मिळतात आणि मधल्या आडव्या पट्ट्यांमुळे कापलेली टोकं फार पळत नाहीत. स्नायूच्या आत किंवा मागे वरची एपिगॅस्ट्रिक धमनी उभी जाते, तिला आधी बांधा. ती निसटून मागे सरकली तर रात्री दोनला तुम्हाला ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं येतं.

मज्जातंतूंकडे मात्र थांबून पाहा. बरगड्यांमधला सातवा ते अकरावा मज्जातंतू कडेच्या मागून निघतो आणि पोटाच्या भिंतीत आतल्या दोन स्नायूंच्या मधून पुढे येतो. सातवा-आठवा वर वळून कडेलगत जातात, दहावा बेंबीशी येतो. चिऱ्यात आठवा बहुधा जातोच. नववा दिसला तर जपा, बाजूला सारा. चिरा बाहेर कुशीपर्यंत लांबवत गेलात की एकेक मज्जातंतू कापला जातो आणि वर्षभरानं रुग्ण विचारतो, "डॉक्टर, पोट या बाजूला फुगलेलं का दिसतं?" तो हर्निया नसतो, स्नायूची मज्जातंतू तुटल्यामुळे आलेली ढील असते आणि ती शिवून जात नाही.

शिवताना थर वेगळे घ्या, आणि दोऱ्याची लांबी जखमेच्या किमान चौपट लागली पाहिजे. त्यापेक्षा कमी लागला तर टाके दूर पडलेत किंवा खेचून बसवलेत.

दुर्बिणीनं करताना

कड इथंही पट्टीच. नेहमीच्या मांडणीत एक पोर्ट, म्हणजे उपकरणं आत घालायची नळी, बेंबीशी, एक झायफॉइडखाली, आणि उजव्या कडेखाली पाच मिलिमीटरचे दोन, एक हंसळीच्या मध्यरेषेवर, एक काखेच्या पुढच्या रेषेवर. कडेला अगदी खेटून पोर्ट घातला तर उपकरण प्रत्येक हालचालीत हाडावर अडकतं, आणि रुग्णाला नंतर पित्ताशयापेक्षा तीच जागा जास्त दुखते. यकृत मोठं असेल तर सगळी मांडणी खाली सरकवा.

आधी पोटाची ऑपरेशनं झालेली असतील, तर बेंबीपाशी आतडी चिकटलेली असू शकतात. तेव्हा पहिली सुई डाव्या कडेखाली तीन सेंटीमीटरवर, हंसळीच्या मध्यरेषेत घालतात. पॅरिसच्या राऊल पामर यांच्या नावाची ही जागा. आधी नाकातून किंवा तोंडातून नळी घालून जठर रिकामं करा, आणि पांथरी वाढलेली नाही हे हातानं बघा. पांथरी वाढली असेल किंवा डाव्या वरच्या बाजूला आधी ऑपरेशन झालं असेल, तर ही जागा सोडा.

दुखणं मारायचं तर

कडेखाली दुखत असेल तर माणूस वरवर श्वास घेतो, खोकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी फुप्फुसाचा खालचा भाग बसलेला असतो. म्हणून कडेखालचा टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाच्या भिंतीतले मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन, मला आवडतो. सोनोग्राफीचा प्रोब झायफॉइडपासून कडेला समांतर ठेवून उभ्या स्नायूच्या आणि त्याच्या मागच्या आडव्या स्नायूच्या मधे औषध सोडतात, म्हणजे कडेमागून येणारे मज्जातंतू दारातच गाठले जातात. बुपिव्हॅकेन किलोला दोन मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. पन्नास किलोच्या बाईंना शंभर मिलिग्रॅम, म्हणजे पाव टक्क्याचं चाळीस मिलिलिटर, दोन्ही बाजू मिळून. एका बाजूला सगळं संपवून मग दुसऱ्या बाजूचा विचार करणारे मी पाहिले आहेत.

पहिल्या रात्रीपासून उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला शिकवा, आणि तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं (स्पायरोमीटर) तासाला दहा वेळा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नका, तो पोटात भरलेल्या वायूनं डायफ्राम चाळवल्यामुळे. मात्र नाडी मोजून मगच हे वाक्य रुग्णाला सांगा.

ऑपरेशनविना दुखणारी कड

शेवटचा एक आजार, कारण तो वर्षानुवर्षं ओळखला जात नाही. आठवी ते दहावीपैकी एखाद्या कूर्चेचं टोक सैल होतं, वरचीच्या मागे सरकतं आणि मज्जातंतूला चिमटतं. वाकलं, कूस बदलली की कट असा आवाज आणि लखकन कळ. सिरियाक्स नावाच्या डॉक्टरांनी १९१९ मध्ये हे लिहून ठेवलं, तरी आजही अशा रुग्णाच्या पिशवीत दोन एंडोस्कोपी आणि चार सोनोग्राफ्या निघतात, सगळ्या नॉर्मल. परीक्षा साधी आहे: बोटं कडेखाली आकडीसारखी अडकवा आणि हलकेच पुढे ओढा. तीच कळ, तोच कट, की निदान झालं. बहुतेकांना समजावून सांगणं, वाकायची सवय बदलणं आणि लागलंच तर मज्जातंतूजवळ एखादं इंजेक्शन पुरतं. फारच थोड्यांना ते टोक काढावं लागतं.

दिवाणावर हे करून दाखवताना भाच्याच्या डाव्या कडेला खरंच कट वाजलं. त्याला काहीच दुखलं नाही, पण पन्नासाचे शंभर मागून घेतले. पेन्सिलीची ती रेघ दोन आंघोळी होईपर्यंत गेली नाही.